टाळाचा गेम, शनिवार-रविवारात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही तिघांनी पावसाळ्यातल्या एका जॅममध्ये टाळ वाजवायचा छोटा गेम केला. गणपतीला चाकरमानी गावी आले, गेम या फोनवरून त्या फोनवर गेला, आणि तेव्हापासून तेच तेच प्रश्न येतायत. कुडाळ-कणकवलीच्या कॉलेजमधली पोरं विचारतात, डोंबिवलीचे भाचे विचारतात, भजनी मंडळंही विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच इथे लिहून ठेवतोय. सगळं वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा.

गेम जॅम म्हणजे काय? बक्षीस असतं का?

ठरलेल्या वेळेत, बहुतेक वेळा दिलेल्या विषयावर, गेम करून सादर करायचा म्हणजे जॅम. लुडम डेअर ही जॅम २००२ पासून चालू आहे. तिच्यात एकट्याने करायचा असेल तर ४८ तास मिळतात, गटाने करायचा असेल तर ७२. ग्लोबल गेम जॅम २००९ पासून भरते आणि तिथे लोक एकत्र जमून काम करतात. छोट्या ऑनलाइन जॅम तर दर आठवड्याला कुठे ना कुठे चालूच असतात. बक्षीस बहुधा नसतं. इतर भाग घेणारे तुमचा गेम खेळून शेरे लिहितात, हाच खरा फायदा, कारण घरची माणसं कधी वाईट म्हणत नाहीत.

तुमच्या गेममध्ये करायचं काय असतं?

भजन चालू असतं आणि खेळणाऱ्याकडे टाळ असतो. स्क्रीनच्या डाव्या बाजूला बोट टेकवलं की दाबलेला टाळ, उजव्या बाजूला टेकवलं की सुटा, घुमणारा. सुरुवातीला लय संथ असते, गजराला वाढत जाते. बस, एवढंच. देऊळ, बुवा, समई असलं काही चितारलेलं नाही. काळ्या पडद्यावर दोन पिवळी वर्तुळं आहेत.

कोडिंग येतं पण संगीत कळत नाही, चालेल का? (आणि उलट?)

चालेल, पण दोघांपैकी एकाला तरी लय पक्की हवी. आमच्यात कोड लिहिणारा एक आणि लहानपणापासून मंडळात पखवाज वाजवणारा एक. तिसरा गेम खेळून बघायचा, चहा करायचा आणि "हे काढा" म्हणायचा. हा तिसरा माणूस सगळ्यात कामाचा. नुसता संगीतवाला असाल तर कॉलेजातला कोणी कोडवाला शोधा. कोड इंटरनेटवरून शिकून होईल, पण शनिवारी सकाळी बसून रविवारपर्यंत लय अंगात येत नाही.

कुठलं सॉफ्टवेअर वापरलंत? खर्च किती आला?

गेम बनवायला गोडो आणि आवाज रेकॉर्ड करून कापायला-जोडायला ऑडॅसिटी. दोन्ही फुकट, दोन्हींचा सोर्स खुला. गेम इच डॉट आयओ या गेमच्या वेबसाइटवर चढवला, तिथेही पैसे लागत नाहीत. खर्च झाला तो मोबाईल डेटाचा आणि वडापावचा.

शाळेच्या मुलांसाठी विचारत असाल तर स्क्रॅच घ्या. त्यात संगीताचे ठोकळे तयार मिळतात, ढोल वाजवायचा, लय बदलायची. फक्त स्क्रॅच सेकंदाला ३० फ्रेम (चित्रं) चालतं, म्हणजे एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत साधारण ३३ मिलिसेकंद जातात. 'जमलं' आणि 'हुकलं' यांतला फरक तिथे सैल ठेवावा लागतो. पाचवी-सहावीच्या वर्गाला तेवढं पुरे.

वेळ कमी असेल तर सुरुवात कशापासून करायची?

आवाजापासून. सगळे चित्रापासून सुरू करतात, कारण चित्र लगेच दिसतं आणि काहीतरी झाल्यासारखं वाटतं. संगीताच्या गेममध्ये चित्र कधीही घालता येतं. ठोका आणि बोट यांचा मेळ मात्र शेवटच्या रात्री बसत नाही.

शनिवारी दुपारच्या जेवणाआधी एवढं हातात हवं: एक राखाडी चौकोन, मिनिटाला ९० चा टकटक ठेका, आणि टॅप केल्यावर किती मिलिसेकंद आधी किंवा उशिरा झालं तो आकडा. हे लॅपटॉपवर नको. घरातल्या सगळ्यात स्वस्त, जुन्या अँड्रॉइड फोनवर चालवून बघा. गणपतीला गेम त्याच फोनवर खेळला जाणार आहे. आकडा दर टॅपला साधारण तेवढाच येत असेल, मग तो ८० का असेना, तर पुढे जा. कधी २०, कधी १४० असा उड्या मारत असेल तर भजन, रंग, नाव सगळं बाजूला ठेवा आणि आधी ते निस्तरा.

मी अगदी तालात वाजवतो तरी गेम 'उशीर' म्हणतो. असं का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. आमच्या पखवाजवाल्याच्या काकांनी पहिल्यांदा खेळून फोन परत दिला तेव्हा म्हणाले, "माझो हात चुकाक नाय, तुझो फोन उशिरान ऐकता." काकांचं बरोबर होतं.

फोन आवाज थेंबाथेंबाने स्पीकरला देत नाही. आधी एक घास भरतो आणि मग तो पुढे ढकलतो. त्या घासाला बफर म्हणतात. आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने (बारीक तुकडे) असतील आणि बफर १,०२४ नमुन्यांचा असेल, तर एका बफरला २३ मिलिसेकंद लागतात, आणि असे बफर बहुधा एकामागे एक रांगेत असतात. त्यात फोनची स्वतःची ध्वनिप्रणाली आणखी वेळ घालते. इकडे काचेवर बोट टेकल्यापासून ते गेमपर्यंत पोचायलाही वेळ जातो, आणि ६० फ्रेमच्या गेममध्ये टॅपची दखल पुढच्या फ्रेमला घेतली तर जास्तीत जास्त १७ मिलिसेकंद त्यात गेले. सगळं मिळून स्वस्त फोनवर शंभराच्या वर सहज जातं. आमच्या गेममध्ये ठोक्याच्या ६० मिलिसेकंद अलीकडे-पलीकडे टॅप झाला तरच 'जमलं' धरतो. म्हणजे भरपाई केली नाही तर हात कितीही पक्का असो, फोन त्याला नापासच करणार.

भरपाई कशी करायची ते पुढच्या दोन प्रश्नांत आहे. ब्लूटूथ लावलं असेल तर त्याचा प्रश्न वेगळा आहे, खाली बघा.

गाणं कुठपर्यंत आलं हे कोडमध्ये कसं मोजायचं?

गाणं हेच घड्याळ. दर फ्रेमला गेलेला वेळ एका चलात मिळवत जाऊन गाण्याची वेळ काढू नका. स्वस्त फोनवर फ्रेम अडखळते, बेरीज सरकत जाते, आणि गजरापर्यंत पोचेतो ठोके आणि आवाज वेगळे चाललेले असतात.

गोडोत गाणं वाजवणाऱ्या नोडला get_playback_position विचारता येतं (कोडमधलं नाव आहे, उच्चार 'गेट प्लेबॅक पोझिशन'). पण ते उत्तर बफरच्या उड्यांनी बदलतं. म्हणून त्यात शेवटचं मिश्रण होऊन किती वेळ झाला तो मिळवायचा आणि बाहेर पडायला लागणारा उशीर वजा करायचा. ऑडिओसर्व्हर या दोन्ही गोष्टी सांगतो, आणि गोडोच्या कागदपत्रांत हे तीन ओळींचं सूत्र तयार आहे. त्यावर एक काळजी घ्या: आलेली वेळ मागच्या फ्रेमपेक्षा कमी असेल तर मागचीच धरा, नाहीतर वर्तुळं मधूनच मागे सरकतात. ब्राउझरसाठी थेट जावास्क्रिप्टमध्ये लिहीत असाल तर ऑडिओ कॉन्टेक्स्टचा करंट टाइम घ्या, सेट टाइमआउटवर विसंबू नका.

कॅलिब्रेशनचा, म्हणजे फोनचा उशीर मोजून घ्यायचा, स्क्रीन लागतोच का? खेळणाऱ्याला कंटाळा येतो.

लागतोच. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा उशीर यंत्रणा सांगते तो अंदाज असतो, आणि काचेचा उशीर तर कोणीच सांगत नाही. कंटाळा येऊ नये म्हणून आम्ही त्याला सेटिंगमध्ये पुरला नाही. गेम उघडला की पखवाजाचा साधा ठेका चालू होतो आणि "सोबत टाळ वाजवा" एवढंच लिहून येतं. खेळणाऱ्याला वाटतं सराव चाललाय. पहिले चार टॅप सोडून द्यायचे, कारण माणूस तेव्हा लय पकडत असतो. उरलेल्यांचे फरक चढत्या क्रमाने लावायचे आणि मधला घ्यायचा. सरासरी नको. एक टॅप सपशेल हुकला तर सरासरी वाहून जाते, मधला आकडा जागेवर राहतो.

यातून कान ते बोट असा पूर्ण उशीर मिळतो, टॅप तपासायला तेवढा पुरतो.

टॅप केल्यावर टाळाचा आवाज उशिरा येतो. तो कसा सुधारायचा?

तो सुधारत नाही, म्हणून आम्ही तो काढूनच टाकला. कॅलिब्रेशनने टॅप बरोबर की चूक हे ठरवता येतं, पण टॅपनंतर वाजवलेला आवाज बफरमधूनच जाणार, त्याला मागे नेता येत नाही. कानाला फट्-छन् असं दोनदा ऐकू येतं आणि खेळणारा गोंधळतो.

वाट अशी: भजनाचे दोन ट्रॅक करायचे, एक टाळाशिवाय आणि एक नुसत्या टाळाचा. दोन्ही एकदमच सुरू करायचे. खेळणारा तालात असेल तोवर टाळाचा ट्रॅक ऐकू येतो, हुकला की त्याचा आवाज खाली जातो. टाळ आधीच वाजत असल्यामुळे उशिराचा प्रश्नच उरत नाही, आणि खेळणाऱ्याला शपथेवर वाटतं की आपणच वाजवतोय. गोडो ४.३ पासून दोन-तीन ट्रॅक एकत्र बांधून चालवणारा ऑडिओस्ट्रीम सिंक्रोनाइज्ड आहे, तोच घ्या.

सगळ्या गेममधली कोणती एक गोष्ट उचलावी असं कोणी विचारलं तर मी हीच सांगतो.

मग टाळ वेगळा रेकॉर्ड कसा केलात? मंडळ तर एकत्र वाजवतं.

आधी टाळाशिवाय भजन. नंतर टाळकऱ्याच्या कानाला तारेचा हेडफोन लावून, ते भजन ऐकवत नुसता टाळ. मंडळाला टाळाशिवाय गायला फार अवघड जातं, हे आधीच सांगून ठेवा. आमच्या बुवांनी शेवटी मांडीवर हात मारत गायलं, आणि तो थापेचा आवाज आजही ट्रॅकमध्ये ऐकू येतो.

पावसात रेकॉर्डिंग होतं का?

होतं, पण पत्र्याखाली नको. कौलांखाली पाऊस मागे कुजबुजतो, पत्र्यावर तो ढोल बडवतो. आम्ही माजघरात, गोधड्या टांगून केलं.

खरी पंचाईत पखवाजाची. दमट हवेत पुडी (तोंडावरचं कातडं) सैल पडते आणि सूर उतरतो. गठ्ठे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोकून चढवला तरी अर्ध्या तासाने पुन्हा खाली. डाव्या पुडीवरची कणीक सुकत जाते तसा घुमाराही बदलतो. पेटी मात्र जागची हलत नाही. त्यामुळे शनिवारचा अर्धा ट्रॅक आणि रविवारचा अर्धा ट्रॅक जोडला तर सांधा कानाला टोचतो. काय घ्यायचं ते एका बैठकीत घ्या.

मंडळाची लय वाढत जाते. मग ठोके कसे नोंदवायचे?

मेट्रोनोमवर गायलेलं गाणं असेल तर गणित सोपं: ६०,००० भागिले मिनिटाचे ठोके. ९० ला ६६७ मिलिसेकंद, १२० ला ५००. भजनाला हे लागू नाही. बुवा रंगात आले की लय वर सरकते, आणि सरकायलाच हवी. मेट्रोनोम लावून गाऊन घेतलेलं भजन ऐकवत नाही.

म्हणून ठोके हाताने नोंदवले. ऑडॅसिटीत गाणं चालू असताना कंट्रोल आणि एम दाबलं की त्या जागी लेबल पडतं. गाणं संपेपर्यंत ठोक्यागणिक दाबत जायचं. मग लेबलं एक्सपोर्ट केली की साधी मजकुराची फाइल मिळते, त्यात सेकंद लिहिलेले असतात, गेमने ती वाचायची.

ती फाइल जशीच्या तशी मात्र वापरू नका. ठेक्याबरोबर टॅप करताना माणसाचं बोट ठोक्याच्या किंचित आधी पडतं. लय आणि बोट यांच्या मेळावर झालेल्या अभ्यासात हे पुन्हा पुन्हा आढळलंय. शिवाय नोंद करताना लॅपटॉपचा उशीर वेगळा. लेबलं टाकून झाली की तरंगाचं चित्र मोठं करून प्रत्येक लेबल ठोक्याच्या उभ्या कड्यावर सरकवा. काम कंटाळवाणं आहे. तिसऱ्या माणसाला द्या.

भजनी ठेक्याऐवजी रूपक किंवा झपताल घेतला तर?

कोडला काही फरक पडत नाही, आठ मात्रा असोत, सात असोत की दहा. फरक खेळणाऱ्याला पडतो. बहुतेक तालांत समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, जोर असतो, म्हणून आपण समेचं वर्तुळ मोठं काढतो. रूपकाच्या सात मात्रा तीन-दोन-दोन अशा, आणि त्याची सम खालीवर, म्हणजे जोर नसलेल्या जागी, येते. तिथे मोठं वर्तुळ काढलं तर डोळा जोर मागतो आणि कान देत नाही. रूपकाला वर्तुळं सगळी सारखी ठेवा, समेचा फक्त रंग बदला. पहिलाच गेम असेल तर सरळ भजनी ठेका किंवा दादरा घ्या.

काय काय कापलंत?

दुसरं भजन. गुणांची पाटी. पखवाज वाजवायचा पर्याय. नाव लिहायचा स्क्रीन. टाळ हातात घेतलेला ॲनिमेटेड उंदीर, जो सुंदर झाला होता आणि ज्याच्यावरून भांडण झालं. तिसऱ्या माणसाचा नियम असा: डोळे मिटून गेम खेळता येतो का? येत असेल तर जे डोळ्यांनी दिसतं ते सगळं कापायच्या यादीत.

गेममध्ये हरता येत नाही, असं का?

भजनात टाळ हुकला म्हणून बुवा भजन थांबवत नाहीत. शेजारचा कोपर मारतो आणि तुम्ही पुन्हा पकडता. गेममध्येही तसंच, टाळ बारीक होतो, लय सापडली की परत येतो. शिवाय देवाच्या गाण्यावर "तुम्ही हरलात" असं झळकलेलं घरातल्या वडीलधाऱ्यांना रुचलं नसतं. कोणी हरकत घेतली का, असंही विचारतात. नाही घेतली. मंडळाला आधी विचारलं होतं, आणि देवाची मूर्ती किंवा चित्र कुठे वापरलेलं नाही.

लाईट गेली, रेंज नाही, अशात जॅम कशी करायची?

पावसाळ्यात लाईट जाणार हे धरूनच चला. लॅपटॉप भरलेला ठेवा, राउटर इन्व्हर्टरवर घ्या, आणि गोडो, एक्सपोर्टचे साचे, फॉन्ट हे सगळं शुक्रवारीच उतरवून ठेवा. एक्सपोर्टचे साचे वेगळे उतरवावे लागतात आणि ते मोठे असतात, हे लोकांना ऐनवेळी कळतं.

चढवताना आकार लहान हवा. वेव्ह फाइल मिनिटाला सुमारे १० एमबी खाते, तीच १२८ केबीपीएसच्या ऑगमध्ये एक एमबीच्या आत बसते. रेंज येते ती गच्चीवर, नाहीतर देवळाच्या मागच्या सड्यावर. शनिवारी संध्याकाळीच चालतो तसा गेम एकदा चढवून ठेवा. रविवारी काहीही झालं तरी तो जमा आहे.

गाणं पुन्हा सुरू होताना मध्ये फट पडते.

एमपी३ असणार. एमपी३ बनवताना सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरली जाते. ऑग किंवा वेव्ह वापरा.

ब्राउझरमध्ये उघडलं तर आवाजच येत नाही.

खेळणाऱ्याने कुठेतरी हात लावल्याशिवाय ब्राउझर आवाज सोडत नाहीत. क्रोमने हे २०१८ मध्ये लावलं. सुरुवातीला "टॅप करा" असा स्क्रीन ठेवा आणि आवाज त्या टॅपमधूनच सुरू करा. आयफोन सायलेंटवर असेल तर ब्राउझरमधल्या गेमचा आवाज बंद राहू शकतो, त्याबद्दल एक ओळ लिहून ठेवा. गोडोचा जुना ४ मालिकेतला वेब गेम उघडतच नसेल तर ४.३ किंवा पुढची आवृत्ती घ्या, तिच्यात थ्रेडशिवाय एक्सपोर्ट होतो.

ब्लूटूथ इअरफोनवर चालेल का?

कॅलिब्रेशन केलं तर टॅप बरोबर मोजले जातील. ब्लूटूथ शंभर ते तीनशे मिलिसेकंद खातं आणि हा आकडा जोडीजोडीला वेगळा असतो. म्हणून इअरफोन काढला-घातला की पुन्हा कॅलिब्रेशन करावं लागतं. वर्तुळं मात्र आवाजाच्या पुढे धावताना दिसतील, ती तेवढीच मागे ढकलायला विसरू नका. आम्ही सुरुवातीलाच "तारेचा इअरफोन किंवा फोनचा स्पीकर बरा" असं लिहितो.

कोणतंही भजन वापरता येतं का? परवानगी लागते?

शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तुकारामांचा अभंग घेतला तर शब्द सगळ्यांचे. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या शब्दांवर हक्क राहतो, संगीतकाराचंही तसंच. ध्वनिमुद्रणाला ते प्रकाशित झाल्यापासून ६० वर्षं. म्हणजे अभंग जुना असला तरी कॅसेटवरचं गाणं उचलता येत नाही.

आपल्याकडची गोम पुढे आहे. डबलबारीत (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात) अभंग सर्रास सिनेमाच्या चालीवर म्हटले जातात. शब्द मोकळे, गाणारे आपलेच बुवा, पण चाल एखाद्या संगीतकाराची, आणि कदाचित अजून हक्कातली. गेम करायच्या आधी बुवांना विचारा चाल कुठली. बुवांची स्वतःची असेल तर त्यांची परवानगी लेखी घ्या, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचीही घ्या. "वापर रे, काय विचारतोस" हे तोंडी ठीक आहे, पण उद्या गेमला पैसे मिळाले तर? व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्या.

मंडपात मोठ्या स्पीकरवर आणि टीव्हीवर लावून स्पर्धा घ्यायची आहे.

दोन उशीर नव्याने येतात. टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घालवतो, त्याच्या सेटिंगमध्ये गेम मोड असेल तर तो चालू करा. दुसरा उशीर हवेतला. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे स्पीकर २० मीटरवर असेल तर ५८ मिलिसेकंद. आमची 'जमलं'ची जवळपास पूर्ण सूट तेवढ्यातच संपते. खेळणारा स्पीकरच्या पुढ्यात बसवा, कॅलिब्रेशन त्याच जागेवरून करा, आणि स्पर्धा चालू असताना ती खुर्ची कोणाला हलवू देऊ नका. दोघांना समोरासमोर खेळवायचं असेल तर दोघेही स्पीकरपासून सारख्या अंतरावर हवेत, नाहीतर मागचा हरला की वाद घालणार, आणि त्याचं म्हणणं खरंही असेल.